गाडीचं काम घरी शिकायचंय? मग आधी इंजिन नीट निवडा (खास नागपूरवाल्यांसाठी)

दोन-चार दिवसांआड कोणी ना कोणी विचारतंच, भाऊ जुनी गाडी घ्यायची आहे, घरीच खोलून-जोडून काम शिकायचं आहे, तर टिकाऊ इंजिन कोणतं आणि सोपं कोणतं. आता हे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही एका दमात विचारले की घोळ होतो. टिकाऊ म्हणजे जे सहसा बिघडत नाही. सोपं म्हणजे बिघडलंच तर साध्या पान्यांनी घरच्या अंगणात उघडता येतं, स्पेअर चौकातल्या दुकानात मिळतं आणि जोडताना काही चुकलं तरी खिशाला फार मोठी कात्री लागत नाही. ॲक्टिव्हा टिकाऊ आहे बाप्पा, त्यात वादच नाही, पण इंजिनापर्यंत पोचायलाच सीट, डिक्की, पॅनल असं सगळं काढत बसावं लागतं आणि त्यात प्लास्टिकचा एखादा लॉक तुटतोच. जुनी कास्ट आयर्न बुलेट बरोबर उलटी, सगळं डोळ्यासमोर, हाताला लागेल असं, पण सकाळी सुरू होणार की नाही हे तिच्या मूडवर.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणाचा वेळ जायला नको: दुचाकी असेल तर कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा साधा भाग असलेली) स्प्लेंडर, चारचाकी असेल तर मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन. दोन्ही एवढ्या विकल्या गेल्या की गावातला शेवटचा मिस्त्रीसुद्धा डोळे झाकून उघडतो, आणि तुम्ही अडकलात तर मदत गल्लीतच मिळते. पुढचं सगळं हे का, आणि घ्यायचं कसं, यावर आहे.

पायरी १: रोजची गाडी वेगळी ठेवा

ज्या गाडीने तुम्ही बुटीबोरी किंवा हिंगण्याला ड्युटीवर जाता ती गाडी रविवारी खोलू नका. रविवारी संध्याकाळी एक पॅकिंग फाटतं, दुकानं बंद असतात, आणि सोमवारी शिफ्ट सकाळची असते. शिकायची गाडी दुसरी पाहिजे, नाहीतर घरात भावाची-बाबांची गाडी तरी मागता आली पाहिजे. एवढी सोय नसेल तर सध्या फक्त ऑइल, प्लग, एअर फिल्टर एवढंच करा, इंजिनाच्या आत हात घालू नका.

पायरी २: दुचाकीचं इंजिन

हिरो होंडा सीडी १०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर आली १९९४ मध्ये, आणि दोन्हीत तेच आडवं झोपलेलं ९७.२ सीसीचं सिंगल सिलेंडर इंजिन. बोर (सिलेंडरच्या भोकाची रुंदी) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिलिमीटर. हवेवर थंड होतं, दोन व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारं आणि जळका गॅस बाहेर सोडणारं झाकण), ते उघडणारा एक कॅम, बस. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. एवढी वर्षं मूळ डिझाइन तेच राहिल्यामुळे सीडी, स्प्लेंडर, पॅशन यांचे बरेच पार्ट एकमेकांना चालतात आणि दुकानदाराला नाव सांगितलं की तो मागे न बघता डबा काढतो. सिलेंडर आडवा असल्याने हेड (सिलेंडरच्या टोकाचं झाकण) एकदम समोर येतं, टाकी न काढता प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट सेट करायची जागा) दोन्ही हाताला लागतात. उभ्या इंजिनाच्या बऱ्याच बाइकमध्ये टॅपेट करायला आधी टाकी उतरवावी लागते, तेव्हा या आडवेपणाची किंमत कळते.

एक लक्षात ठेवा, २०२० च्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमां) नंतर स्प्लेंडरला फ्युएल इंजेक्शन आलं. गाडी म्हणून ती चांगलीच आहे, पण शिकणाऱ्याने आधीची कार्बोरेटरवाली घ्यावी, कारण कार्बोरेटरमध्ये पेट्रोल कुठून येतं, जेट (पेट्रोलचं बारीक भोक) कुठे तुंबतं हे डोळ्यांनी दिसतं, इंजेक्शनमध्ये सेन्सर काय म्हणून राहिला हे बघायला स्कॅनर लागतो.

पल्सर दोन नंबरवर. २००३ पासूनच्या डीटीएस-आय इंजिनाला एका सिलेंडरमध्ये दोन प्लग, त्यामुळे मिसिंग (इंजिन मध्येच झटके खाणं) शोधताना दोन्ही तपासावे लागतात आणि पोट्टे एकच तपासून गाडी गॅरेजला नेतात. यामाहा आरएक्स १०० टू-स्ट्रोक, तिच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही, कॅम नाही, हेड उघडलं की खाली सरळ पिस्टन. यापेक्षा सोपं इंजिन मिळणार नाही. पण ती बंद झाली १९९६ मध्ये, आता शौकिनांनी भाव असा चढवून ठेवला आहे की शिकायला म्हणून घेण्यात काही अर्थ राहिला नाही, आणि ड्युप्लिकेट पार्टचा सुळसुळाट वेगळाच.

बुलेटबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे कारण विचारणारे निम्मे लोक मनात बुलेटच धरून असतात. जुन्या ३४६ सीसी कास्ट आयर्नमध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, दोघांचं ऑइल वेगळं, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. ठिणगी पडते पॉइंटवर, म्हणजे उघड-मिट होणाऱ्या छोट्या संपर्कावर. प्रत्येक भाग सुटा असल्यामुळे यंत्र समजून घ्यायला ही गाडी म्हणजे शाळाच आहे, पण पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) सेट करा, पॉइंटचा गॅप बघा, खाली पडलेलं ऑइल पुसा, हे कायमचं मागे लागतं. नंतरच्या युसीई इंजिनात (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमध्ये) स्वतःच सेट होणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, ती कटकट गेली. मीटिओरबरोबर २०२० मध्ये आलेलं ३४९ सीसीचं नवीन इंजिन चालवायला एकदम गुळगुळीत आहे, पण ते खोलायला शिकणाऱ्याने जाऊ नये. केटीएमसारख्या लिक्विड कूल, डबल कॅमवाल्या गाड्या तर सुरुवातीला सोडूनच द्या, तिथे टॅपेट स्क्रूने होत नाही, शिम (मापाची पातळ चकती) बदलावी लागते आणि त्यासाठी कॅम बाहेर काढावा लागतो.

पायरी ३: चारचाकीचं इंजिन

मारुती ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ मध्ये आणि बंद झाली २०१४ मध्ये. तीन सिलेंडर, ७९६ सीसी, एक कॅम. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या आजूबाजूला जागा दिसते, हात आत जातो, पडलेला नट खाली जमिनीवर सापडतो. आजकालच्या गाड्यांत पडलेला नट कुठे गेला हे देवालाच माहीत. ओम्नीतसुद्धा हेच इंजिन, फक्त ते समोरच्या सीटखाली. सीट उचलली की झाकण, झाकण काढलं की इंजिन, आणि गाडीच्या आत बसून सावलीत काम करता येतं. मे महिन्यात चालवताना मात्र खालून इंजिन आणि वरून ऊन, दोन्हीकडून भाजून निघता.

या ७९६ मध्ये टाइमिंग बेल्ट (कॅम फिरवणारा रबरी पट्टा) आहे. जुनी गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला हे मालकाला सांगता आलं नाही तर आल्या आल्या बेल्ट बदला, तो चांगला दिसून राहिला म्हणून सोडू नका. ही झंझट नको असेल तर नंतरचं के-सिरीजचं ९९८ सीसी, म्हणजे जुनी अल्टो के१० वगैरे, त्याला चेन आहे. टिकायला ते ७९६ पेक्षा सरस म्हणेन, फक्त बॉनेटखाली जागा कमी. जिप्सीचं १.३ सुद्धा मस्त दणकट इंजिन, पण जिप्सी मिळणार त्या भावात दोन ८०० येतील.

होंडा सिटीचं नाव लोक टिकाऊ म्हणून घेतात आणि ते खरंच आहे. फक्त आय-डीएसआय मॉडेल बघत असाल तर माहीत असू द्या, चार सिलेंडरला आठ प्लग आहेत. प्लग बदलायला गेलं की बिल बघून माणूस हबकतो.

डिझेलमध्ये इनोव्हाचं जुनं २.५ लिटर आणि त्याच्या आधीची क्वालिस, टॅक्सीवाल्यांना विचारा, शपथेवर सांगतील. क्वालिसचं इंजिन टर्बो नसलेलं, साधं, शिकायला बरं. स्विफ्टमध्ये आणि टाटाच्या गाड्यांतही आलेलं फियाटचं १.३ मल्टीजेट चालायला चांगलं पण कॉमन रेल आहे, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबाचं डिझेल. कॉमन रेलमध्ये डिझेलचं प्रेशर १००० बारच्या वर जाऊ शकतं, इंजिन चालू असताना इंजेक्टरचा पाइप ढिला केला तर डिझेलची धार कातडीच्या आत घुसते. हे घाबरवायला सांगत नाही, जुन्या डिझेलवर शिकलेले लोक सवयीने पाइप ढिला करून हवा काढतात आणि तीच सवय इथे अंगाशी येते. गावाकडे शेती असेल आणि घरी जुना ट्रॅक्टर असेल तर डिझेल शिकायला त्याच्यासारखं काही नाही, सगळं उघडं आणि हात घालायला भरपूर जागा.

पायरी ४: बघायला जाल तेव्हा

मॉडेलपेक्षा मालक जास्त महत्त्वाचा, हे मी कितीदा सांगितलं तरी लोक मॉडेलवरच अडून बसतात. वेळेवर ऑइल बदललेली ऐंशी हजार किलोमीटरची स्प्लेंडर ही ऑइल न बदललेल्या तीस हजारवालीपेक्षा कधीही बरी.

फोनवरच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावून बघा, गरम असेल तर समजा थंडीत सुरू व्हायला त्रास देते म्हणून तापवून ठेवली आहे. मग ऑइलची डिपस्टिक काढा. काळं असलं तरी चालतं, बोटांत चोळून बघा, कचकच लागली किंवा पेट्रोलचा वास आला तर सावध. कारमध्ये ऑइलच्या झाकणाच्या आतून दुधाळ, सायीसारखा थर दिसला तर पाणी आणि ऑइल एकत्र होऊन राहिलं, हेड गॅस्केटवर (हेडखालच्या पॅकिंगवर) संशय घ्या. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. आत हिरवं किंवा लाल कुलंट असेल तर छान, गंजाचं तांबडं पाणी असेल तर मालकाने वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतलं आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

आता सुरू करा आणि मागे कोणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळून राहिलं. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, हे बहुतेक वेळा स्वस्तात सुटतं. डिसेंबरच्या सकाळी थोडी पांढरी वाफ निघून बंद होणं नॉर्मल आहे, पण गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच आणि वास गोडसर, तर कुलंट जळतंय. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण हळूच ढिलं करून बघा. थोडी वाफ येणारच, पण भकाभका हवा मारत असेल तर त्याला मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोरचं काम निघणार. ही एक टेस्ट जमली तरी निम्म्या फसवणुकीतून वाचता.

कार असेल तर एसी लावून पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा, टेम्परेचरचा काटा अर्ध्यावर थांबतो का आणि पंखा आपोआप लागतो का बघा. पंखा थेट स्विचवर जोडलेला दिसला तर विचारा काऊन.

कागद: आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळलाच पाहिजे. जुन्या गाड्यांत इंजिन बदललेलं असतं आणि आरसीवर नोंद नसते, मग ट्रान्सफरच्या वेळी नाकी नऊ येतात. एमएच ३१, ४० आणि ४९ तिन्ही आपलेच, पण तिघांची आरटीओ ऑफिसं वेगळी, त्यामुळे गाडी कोणत्या ऑफिसची आहे ते आधी बघा. पंधरा वर्षं झालेल्या गाडीला री-रजिस्ट्रेशन आणि ग्रीन टॅक्स लागतो, तो किमतीत धरूनच बोलणी करा, आणि एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर प्लेट) लागली आहे का तेही बघा.

पायरी ५: हत्यारं

पहिल्याच दिवशी मोठी पेटी घेऊ नका. आठ ते एकोणीस नंबरचे रिंग पाने, एक बरा गोटी पाना सेट, दहा-बारा-चौदाचे टी पाने, फिलिप्स आणि साधा पेचकस, प्लास, प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). लोकल स्वस्त पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग छिन्नी-हातोड्यावर वेळ येते, म्हणून कमी घ्या पण बरे घ्या. कारखाली जायचं असेल तर दोन स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

पायरी ६: कामं या क्रमाने करा

पहिलं ऑइल. गाडी थोडी फिरवून आणा, कोमट ऑइल पूर्ण निघतं. बाइकमध्ये कारचं ऑइल टाकू नका, बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलने तो घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए (JASO MA) लिहिलेलं बघा, स्कूटरसाठी एमबी (MB). ड्रेन बोल्टच्या मागचा वायसर नवीन टाका आणि बोल्ट आधी हाताने फिरवून बसवा. केस ॲल्युमिनियमची आहे, जोर लावला की आटे जातात, आणि तिथून मग लेथवाल्याचं दार. जुनं ऑइल नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, नाग नदीत आधीच काय कमी जाऊन राहिलं आहे का.

दुसरं प्लग. थंड इंजिनात काढा. टोक चॉकलेटी असेल तर सगळं ठीक, कोरडं काळं तर पेट्रोल जास्त, ओलं तेलकट काळं तर ऑइल वर येतंय, पांढरंफटक तर इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. प्लग बघायची सवय लागली की इंजिनाची तब्येत अर्धी कळते. एअर फिल्टर साफ करणं वगैरे तुम्ही बघूनच कराल.

तिसरं टॅपेट, आणि इथे घाई करू नका. स्प्लेंडरचं सांगतो. इंजिन रात्रभर थंड झालेलं पाहिजे. प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरतं. हेडवरच्या दोन्ही टॅपेट कॅप काढा, डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवरच्या दोन गोल कॅप काढा. मधल्या भोकातून पाना टाकून फ्लायव्हील घड्याळाच्या उलट दिशेला हळूहळू फिरवा, वरच्या छोट्या खिडकीत टी खूण येऊन खाचेशी जुळली की थांबा. आता दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) बोटाने हलवून बघा. दोन्ही किंचित हलले तर पिस्टन कॉम्प्रेशनवर आहे, काम सुरू करा. एखादा घट्ट असेल तर अजून एक पूर्ण चक्कर मारा आणि परत जुळवा, कारण टी खूण एक्झॉस्टच्या शेवटीही तिथेच येते आणि तिथे सेट केलं तर सगळं चुकतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची फिलर पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घाला, ती थोडी अडत अडत सरकली पाहिजे. लॉक नट घट्ट केला की माप बदलतं, म्हणून घट्ट केल्यावर पट्टी परत घालून बघायचीच. पहिल्यांदा दोन-तीनदा ढिलं-घट्ट करावं लागतं, मग हात बसतो.

लोक टकटक आवाजाला घाबरून टॅपेट घट्ट करून टाकतात. थोडा आवाज करणारं टॅपेट चालतं. घट्ट टॅपेट आवाज करत नाही पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम गॅस बाजूने निसटतो, व्हॉल्व्ह जळतो आणि कॉम्प्रेशन जातं.

चौथं कार्बोरेटर साफ करणं. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं, हवेने किंवा क्लीनर स्प्रेने करा. आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या-पॅकिंगला मानवत नाही, म्हणून जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप नवीन टाका आणि महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

नागपूरचा उन्हाळा

२०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ डिग्री नोंदलं गेलं, आणि दरवर्षी ४५ तर धरूनच चाला. एवढ्या उन्हात टिकाऊ इंजिनसुद्धा कूलिंग कच्चं असेल तर झोपतं. मार्चमध्येच कुलंट बदला, डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा, होज दाबून बघा कडक किंवा भेगाळलेला आहे का. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंट अडवणारा-सोडणारा भाग) काढून टाकायचा सल्ला अजूनही काही मिस्त्री देतात, तो ऐकू नका, खराब असेल तर नवीन बसवा. काटा लाल रेघेकडे गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी तर अजिबात नको. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं की लेथवर नेऊन फेस मारावा (सपाट घासून घ्यावा) लागतो आणि गॅस्केट नवीन. हवेवर थंड होणारी बाइक सिग्नल मोठा असेल तर बंद करा, चालत्या हवेशिवाय तिला थंड करणारं दुसरं काही नाही.

कुठे थांबायचं

वरची कामं तीन-चार महिने आरामात झाली की मगच हेड खोलायचा विचार करा. हेड, बोर, पिस्टन काढून परत जोडणं म्हणजे हाफ इंजिन, स्प्लेंडरवर हे घरी होतं. क्रँक, बेअरिंग, गिअरबॉक्स म्हणजे फुल इंजिन, त्याला पुलर आणि प्रेस लागते, ते पहिल्या वर्षी ओळखीच्या मिस्त्रीच्या शेजारी बसूनच करा. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर पंपवाल्याकडेच.

हेड खोलण्याआधी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) विकत नाहीतर उसना आणा, प्रत्येक वायर आणि पाइप सुटण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बोल्ट ज्या भोकातून निघाला त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा कारण सगळे सारख्या लांबीचे नसतात. बोर लेथवाल्याकडे नेऊन आधी मोजून घ्या. तो सांगेल बोरिंग मारून (बोर घासून मोठा करून) ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन चालेल का ०.५० लागेल, की पूर्ण बोर किटच टाकावी लागेल. पिस्टन त्यानंतर घ्या, लेथवाल्याला पिस्टन हातात द्या आणि त्याच पिस्टनच्या मापावर बोर मारायला सांगा.